एल्डरकमची शीव

श्रीधर गेल्याचं माझ्या नवऱ्याने दारातूनच सांगितलं. अंगात खाणीवरचा केशरी शर्ट, पायात बूट तसेच. "श्रीधर गेला, वसू. खाणीच्या पिटच्या काठावर, यूट गाडीत बसल्या बसल्या." मी पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं मी भिरकावलं आणि आमच्या भाड्याच्या घराच्या पातळ भिंतीला भोक पडलं. रडू फार नंतर आलं. आधी आला तो संताप. त्याच्या हट्टाचा, ज्याने त्याला एकदाही डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. बंद पडलेल्या विमानांचा. आणि माणदेशातल्या त्याच्या पुतण्याचा, त्या रणजितचा. तो त्या क्षणी समोर असता तर लाटणं भिंतीला लागलं नसतं, एवढं नक्की. आता काही आठवडे गेलेत, हात जरा निवलेत, म्हणून लिहायला बसलेय.

ऑस्ट्रेलियातल्या या खाणीच्या गावात, कालगुर्लीत, मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती खाणीतली नाहीतर हॉस्पिटलातली. मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, नवरा खाणीत इंजिनिअर, आणि श्रीधर त्याच खाणीत सर्व्हेअर, म्हणजे सुरुंग उडवल्यावर डोंगर किती उरला ते मोजणारा माणूस. माण तालुक्यातला, साठीला टेकलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, आणि बोलायला फटकळ. पहिल्यांदा मान अवघडली म्हणून माझ्याकडे आला. मी मान जरा जोरात वळवली, तर म्हणाला, "बाई, कोंबडी समजलात काय मला?" मी म्हटलं, "कोंबडी इतका आरडाओरडा करत नाही." तिथून अरेतुरे आणि भांडण दोन्ही एकदमच सुरू झालं. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि आमटीत गूळ घातला म्हणून माझ्या अख्ख्या पुण्याचा उद्धार करायचा. मीही त्याच्या खर्ड्याने नाकाडोळ्यांतून पाणी गाळत त्याच्या तालुक्याचा करायचे. मात्र एक होतं. गावाचा विषय निघाला की तो उठून हात धुवायला जायचा, ताटात अर्धी भाकरी असली तरी. आम्हीही मग विचारणं सोडून दिलं.

मग ती महामारी आली. देशाने दारं लावून घेतली, आणि आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने देशाकडेच पाठ फिरवून आपलं वेगळं दार लावलं. घरात बसून माणसं एकमेकांना चावायला उठली, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरची, स्कोफिल्ड्सची आयटीवाली मंडळी, क्लेटनची युनिव्हर्सिटीतली पोरं आणि आम्ही वाळवंटातले चार, अशा सगळ्यांनी मिळून शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, झूमवर व्याख्यानं सुरू केली. कोणी बोनसायवर बोललं, कोणी किल्ल्यांवर. श्रीधरला विचारलं तर म्हणाला, "मी बोलतो की. विषय, एल्डरकम या इंग्लंडमधल्या खेड्याचा भूगोल आणि इतिहास." मला वाटलं चेष्टा करतोय. पंचविशीत त्याच्या कंपनीने त्याला इंग्लंडमधल्या एका दगडखाणीवर कामाला धाडलं होतं आणि तो त्या एल्डरकममध्ये एका म्हाताऱ्या बाईकडे भाड्याने राहिला होता, एवढंच मला ठाऊक. मी चिडून म्हटलं, "इंग्रजांचं खेडं कशाला? आपली काय मेली का?" तर म्हणाला, "आपल्या गावाबद्दल मी बोललो तर कोणीतरी मरेल." मी ते मनावर घेतलं नाही. श्रीधर असलं काहीबाही बोलायचाच.

मंडळी चहा घेऊन बसली होती. गवताची छपरं, गुलाबाच्या वेली, असं काहीतरी बघायला मिळेल या आशेने. श्रीधरने हाताने काढलेला नकाशा लावला. वर खडूच्या दगडाची टेकडी, टेकडीवर मेंढ्यांचं कुरण, खाली नांगरटीची जमीन, मग चर्च आणि मूठभर घरं, आणि तळाला ओढा. गावाची हद्द म्हणजे टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत उतरलेली एक लांबट, चिंचोळी पट्टी. प्रत्येक गावाच्या वाट्याला थोडं गवत, थोडं धान्य आणि थोडं पाणी यावं म्हणून जुन्या लोकांनी तशा पट्ट्या पाडल्या होत्या, एकीला लागून दुसरी. "व्यवस्था चांगली," श्रीधर म्हणाला, "पण पट्टी जितकी चिंचोळी, तितकी शीव लांब. आणि शीव जितकी लांब, तितकी डोकी फुटायला जागा."

मग जे सुरू झालं ते ऐकून कोणाचा चहा संपला नाही. एकदा म्हणे ओढ्यात एक भटका बुडून मेला. ज्याच्या हद्दीत मढं, त्याने ते पुरायचं, अशी रीत. एल्डरकमच्या लोकांनी काठ्यांनी मढं पलीकडच्या काठाला ढकललं. पलीकडच्यांनी ते परत ढकललं. ढकलता ढकलता काठ्या मढ्याऐवजी एकमेकांच्या छातीत बसायला लागल्या आणि संध्याकाळी ओढ्यात एकाच्या जागी तीन मढी होती. पुढे एका जमीनदाराने सगळ्या गावाच्या मालकीच्या कुरणाला कुंपण घातलं. गावकऱ्यांनी कुंपण उपटलं, त्याच्या धान्याच्या गंजी पेटवल्या, त्याच्या कारभाऱ्याला विहिरीत लोटलं आणि वरून दगड टाकले. मग घोडेस्वार आले. दोघांना चौकात फासावर दिलं आणि कुजून गळेपर्यंत तसंच टांगून ठेवलं. बाजाराला जाणाऱ्या बायकांना त्यांच्या पायांखालून जावं लागायचं, त्या बायकांतली एक टांगलेल्या दोघांतल्या एकाची आई होती. उरलेल्यांना साखळ्या घालून जहाजात कोंबलं. "आणि जहाज कुठे आलं? इथे," श्रीधर म्हणाला. "कुंपण मोडलं म्हणून हाकललेली माणसं ऑस्ट्रेलियात आली, सुटली, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते कुंपण घालायचं. ज्यांची जमीन होती त्यांना गोळ्या घातल्या. आपण बसलोय ना, ती हीच जमीन." स्कोफिल्ड्सची एक बाई मध्येच म्हणाली, "अहो, आमचा आर्यन बसलाय इथे. जरा मुलांना चालेल असं सांगा ना." तर मागून आर्यनचा आवाज आला, "नो मम्मा, धिस इज ऑसम." श्रीधर हसला नाही.

शेवटी तो शिवेवर आला. एल्डरकमला वर्षातून एकदा सगळा गाव शीव फिरायचा. कागद कमी, वाचणारे त्याहून कमी, मग हद्द लक्षात कोणी ठेवायची? पोरांनी. कारण ती सगळ्यात जास्त जगणार. प्रत्येक हद्दीच्या दगडाशी एक पोरगं धरायचं आणि त्याला वेताने फोडायचं, किंवा उलटं धरून त्याचं डोकं दगडावर आपटायचं, म्हणजे म्हातारपणी सुद्धा त्याला विचारलं तर तो सांगेल की दगड इथेच होता, मला अजून दुखतंय. मग पोराला पाव आणि बिअर. "मी गेलो तेव्हा हे नुसतं गमतीला उरलं होतं," श्रीधर म्हणाला. "एका पोराला उलटं धरलं, दगडाला डोकं हळूच टेकवलं. पोरगं खिदळत होतं. आणि मी..." इथे तो थांबला. पडद्यावर त्याचा चेहरा होता, एक गाल थडथड उडत होता. मग पडदा काळा झाला. मंडळींना वाटलं नेट गेलं. नो वरीज, पुढच्या शनिवारी बघू, असं म्हणत सगळे पांगले.

मी गाडी काढली आणि त्याच्या घरी गेले. बाहेर लाल धूळ उठली होती, वारा पत्रे बडवत होता. तो व्हरांड्यात बसला होता. मी तोंड सोडलं, की असलं रक्ताळलेलं काहीतरी सांगायचं आणि मध्येच पळून जायचं, ही कुठली रीत? तो म्हणाला, "बस वसू. आता सांगूनच टाकतो, नाहीतर माझा पुतण्या मर्डर करेल."

त्याचं गाव, त्याचं शेत, शेजारी चुलत्याचं शेत, मध्ये बांध आणि बांधावर हद्दीचा दगड. त्यांच्या घराण्यातही तीच रीत होती. आज्याने त्याच्या बापाला दगडाशी उभं करून थोबाडीत मारली होती. बापाने श्रीधरला मारली. "अशी मारली की कान वाजला. म्हणाला, ही शीव, इसरलास तर ह्या गालाला इचार." पुढे दोन वर्षांनी त्याच बापाने दगड उपटला आणि चुलत्याच्या रानात वीसेक पावलं पुढे, एका बाभळीखाली नेऊन रोवला. चुलत्याला कळलं, तो कुऱ्हाड घेऊन आला. बापाच्याही हातात कुऱ्हाड होती. श्रीधर तिथेच होता. "बापाची कवटी उघडली तेव्हा आवाज आला, वसू. ओला आवाज. आणि चुलता लगेच खाली बसून ती दोन्ही हातांनी मिटायला बघत होता. 'दादा, दादा' म्हणत होता." कोर्टात अकरा वर्षांच्या श्रीधरला विचारलं, दगड कुठे होता? आई समोर पांढऱ्या कपाळाने बसली होती. तो म्हणाला, पहिल्यापासून बाभळीखालीच. म्हणजे चुलताच दुसऱ्याच्या रानात घुसून मारेकरी झाला. चुलत्याला जन्मठेप झाली, तो तुरुंगातच मेला. दोन्ही घरांनी एकमेकांचं सुतक पाळणं बंद केलं. भावकीत याच्या पुढे तोडायला काही उरत नाही. "मी तोंडाने खोटं बोललो," श्रीधर म्हणाला. "गाल मात्र तेव्हापासून खरं सांगतोय. एल्डरकमला ते पोरगं उलटं धरलेलं बघितलं आणि मी त्या दगडाशी बसून गुरासारखा रडलो. त्या बिचाऱ्यांना वाटलं, मला त्यांची परंपरा फार आवडली."

आता लॉकडाऊनमध्ये धाकट्या भावाचा मुलगा रणजित पुण्याची नोकरी सुटून गावी येऊन बसला होता. चुलत्याचा नातू दत्ता, रणजितहून थोडा मोठा, तोही मुंबईहून परतला होता. रिकामे हात, तापलेली डोकी आणि मध्ये तो बांध. दत्ताने ट्रॅक्टरने बांध कोरला. रणजितने ट्रॅक्टरच्या काचा फोडल्या. सरकारी मोजणी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मोजणाऱ्याला कुऱ्हाड दाखवून पिटाळलं होतं, एकदा या घराने, एकदा त्या. रणजितचा फोन आला होता, "काका, तुमी फकस्त हो म्हणा. दत्त्याला तितंच गाडतो. आज्याचं राहिलेलं मी फेडतो." श्रीधरने सरकारकडे देशाबाहेर जायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बोललो नाही तर रणजित खून करणार. बोललो तर रणजित माझा राहणार नाही. आणि मला दुसरं कोण आहे?" मी म्हटलं, "बोल." सल्ला द्यायला आपल्या बापाचं काय जातं...

त्याने युक्ती काढली ती एल्डरकमची. दोन्ही घरांनी मिळून शीव फिरायची, फोनवर तो बघणार. तो मोठा, शिवाय साक्षीदार, म्हणून रणजित तयार झाला. दत्ताला त्याने स्वतः फोन केला. इतक्या वर्षांत त्या घराला या घराचा पहिला फोन. तिकडे सकाळ होती, इकडे दुपार. श्रीधरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उभा केला आणि तो मला म्हणाला, "शेजारी बस. मी उठून जायला लागलो तर धर मला." फोन रणजितच्या हातात होता. ज्वारीची धाटं, तोंडाला मुसकी बांधलेली दहाबारा माणसं, दत्ताच्या हातात काठी. बाभळीपाशी आल्यावर श्रीधर म्हणाला, "थांबा. हा दगड खोटा हाय." मग त्याने सगळं सांगितलं. बापाने दगड हलवला, मी कोर्टात खोटं बोललो, चुलता आपल्याच रानात उभा होता. "काका, गप बसा," रणजित म्हणाला. श्रीधर थांबला नाही. रणजितचा आवाज फाटला, "बापाच्या रक्तावर थुकताय व्हय? तितं गोऱ्यांत बसून?" फोन वर गेला, आभाळ दिसलं, बाभळ दिसली, दगड झपकन जवळ आला आणि सगळं काळं झालं. त्याने फोन त्या दगडावर आपटला होता.

आणि श्रीधर बोलतच राहिला. काळ्या पडद्याशी. "खरा दगड कुठं ते ऐक ना लेकरा... विहिरीचा उगवतीकडचा काठ आन म्हसोबाचा शेंदरी धोंडा एका रेषेत घे. मागं मागं चालत ये. जितं चिंचेचं खोड आड येतं, तितं. तितं मारली मला." मी त्याचे खांदे धरले. त्या दिवशी परत फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की फोन फोडल्यावर रणजितने दत्ताच्या हातातली काठी ओढून त्याच्याच डोक्यात घातली होती. दत्ता जिवंत होता, टाके पडले होते. भावाने एकच निरोप धाडला, "आमच्यासाटी तू मेलास." श्रीधर रविवारी यायचा बंद झाला. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, "तिकडे कोणी मेलं का? बघ ना जरा." तो रोज कामाला जायचा, पिट मोजायचा. सुरुंग उडाला की त्याचं अंग दचकायचं, इतक्या वर्षांची सवय असून. आणि मग ती बातमी आली. दत्ताचं डोकं बरं झालं की नाही, रणजितने पुढे काय केलं, काहीही कळायच्या आत गेला. मला त्याचाच राग येतो. माणसाने एवढं मोठं बोलून टाकावं आणि त्याचं काय झालं ते त्याला कळूही नये?

अंत्यसंस्काराला आम्ही मोजकी माणसं, दूर दूर उभी. झूमवर शनिवारची मंडळी होती. गावाला मी माझ्या फोनवरून कळवलं होतं, पण तिकडून कोणी दिसलं नाही.

परवा मी त्याचं घर आवरायला गेले. घरमालकाला रिकामं करून हवं होतं. स्वयंपाकघरात भांडी खोक्यात भरत होते, दुपारची वेळ, आणि माझा फोन वाजला. भारतातला नंबर. "मी रणजित बोलतोय. काकांचा पुतण्या." खोक्यात ठेवायला उचललेला तवा मी हातात तसाच धरून ठेवला. तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, माणूस मेला, आता काय पाहिजे तुला, पैसे पाहिजेत का त्याचे? तो ऐकून घेत होता. मी थकल्यावर म्हणाला, "काकांच्या दहाव्याला मी घाटावर गेलो. दत्त्या माझ्या आधी येऊन बसला होता. त्यांच्या घरानं सुतक धरलं काकांचं. न्हाव्यानं टाक्याच्या कडेनं वस्तरा फिरीवला, रक्त आलं, तरी हलला न्हाय. मला म्हणला, बस, तुझं बी डोस्कं करून घे." मग तो म्हणाला, "काकी, तुमी तवा काकांच्या शेजारी होता. माझा फोन बंद पडल्यावर काका काय बोलले का? खरी जागा कुठली ती?"

त्याने मला काकी म्हटलं तेव्हा हातातला तवा मी ओट्यावर ठेवला. मग सांगितलं. विहिरीचा उगवतीचा काठ, म्हसोबाचा धोंडा, एका रेषेत, मागे मागे, चिंचेचं खोड आड येईल तिथे. जसंच्या तसं, श्रीधरच्या शब्दांत. तो चालत असावा, धाटं मोडल्याचा आवाज येत होता. आवाज थांबला. मग म्हणाला, "पार हितं? मग आमचा गोठा सगळाच त्यांच्या रानात हाय." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय. पाडतो." मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, गुरं बाहेर हाकलली गेली, आणि पहार भिंतीवर पडायला लागली. एक घाव, मग दुसरा. मग दोन घाव पाठोपाठ, एका माणसाला जमणार नाहीत इतके जवळ.

"रणजित," मी ओरडून विचारलं, "कोण आहे रे तिथे तुझ्याबरोबर?"

"दादा हाय," तो लांबून म्हणाला. "दत्तादादा."

मी फोन ठेवला नाही. श्रीधरच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि भिंत पडेपर्यंत ऐकत राहिले.